गल्लीची प्रतिमा आणि सामाजिक पूर्वग्रह : मुंबईतील रॅप म्युझिक व्हिडिओंचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

दृक्श्राव्य माध्यमांच्या प्रसारामुळे गाणे ही केवळ ऐकण्याची गोष्ट राहिलेली नाही. ते पाहण्याचीही गोष्ट झाले आहे. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत 'एमटीव्ही' ही वाहिनी सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओ या प्रकाराला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. भारतात १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा हा प्रकार 'इंडीपॉप'च्या रूपाने घरोघरी पोहोचला. त्या काळातील व्हिडिओंमध्ये प्रामुख्याने सुखवस्तू शहरी जीवन दिसे. झोपडपट्टी, चाळ वा कामगार वस्तीतील तरुण त्यात असलाच, तर नायकाच्या मागे नाचणाऱ्या घोळक्यात असे. त्याला चेहरा होता, पण नाव नव्हते.

२०१३ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत या चित्राला तडा गेला. कुर्ला, अंधेरी, धारावी येथील तरुणांनी आपल्या बोलीत रॅप गायला आणि आपल्याच गल्लीत त्याचे चित्रण करून ते 'यूट्यूब'वर ठेवायला सुरुवात केली. डिव्हाइन (विव्हियन फर्नांडिस), नेझी (नावेद शेख), धारावीतील 'डोपॲडेलिक्स' व 'सेव्हन बंटाइज', तसेच 'स्वदेसी' हा बहुभाषिक गट ही या प्रवाहातील ठळक नावे होत. याच प्रवाहातून प्रेरणा घेऊन झोया अख्तर दिग्दर्शित 'गली बॉय' हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि 'गली रॅप' ही संज्ञा सर्वतोमुखी झाली.

या व्हिडिओंत श्रमिकवर्गीय शहरी युवकाची कोणती प्रतिमा उभी राहते, त्याच्याविषयी समाजात रूढ असलेल्या पूर्वग्रहांना ती कोणते उत्तर देते आणि हे उत्तर देताना ती कोणत्या गोष्टी दृष्टीआड करते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गल्लीतील तरुण पडद्यावर आला म्हणजे पूर्वग्रह संपला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

संकल्पनात्मक चौकट

प्रतिनिधित्वाचा विचार करताना स्टुअर्ट हॉल यांची मांडणी उपयुक्त ठरते. प्रतिमा वास्तवाचे केवळ प्रतिबिंब दाखवत नाही, ती अर्थ घडवते. आणि निर्मात्याने जो अर्थ योजला तोच प्रेक्षक स्वीकारेल असे नसते, हे हॉल यांनी १९७० च्या दशकापासून सातत्याने मांडले. हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पोलिसिंग द क्रायसिस' (१९७८) या ग्रंथात ब्रिटनमधील वाटमारीच्या वृत्तांकनाचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय तरुण आणि गुन्हेगारी हे समीकरण वृत्तपत्रे, पोलीस व न्यायालये यांच्या परस्परपूरक व्यवहारातून कसे घडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी १९७२ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांनी तरुणांच्या विशिष्ट गटांना समाज 'खलनायक' कसे ठरवतो, याची मीमांसा केली होती.

येथे आणखी एक संकल्पना महत्त्वाची आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'कलंक' या संकल्पनेची मांडणी केली. लोइक वाकाँ यांनी ती पुढे नेऊन शिकागो व पॅरिसच्या उपेक्षित वस्त्यांच्या अभ्यासातून 'प्रादेशिक कलंक' ही संकल्पना विकसित केली. माणसाला त्याचा वर्ण, जात वा दारिद्र्य यांमुळे जसा डाग लागतो, तसाच तो पत्त्यामुळेही लागतो. नोकरीच्या अर्जावरील वस्तीचे नाव वाचून उमेदवाराविषयी मत बनते, ही गोष्ट मुंबईतही नवी नाही.

रॅप हा प्रकारच मुळात अशा कलंकित भूगोलातून जन्मला. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्राँक्स या उद्ध्वस्त भागात त्याचा उदय झाला. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या 'द मेसेज' (१९८२) या गाण्याने वस्तीतील दैन्य हा रॅपचा विषय बनवला. ट्रिशिया रोझ यांनी 'ब्लॅक नॉइझ' (१९९४) मध्ये रॅपच्या व्हिडिओंत विशिष्ट वस्ती, विशिष्ट रस्ता आणि सोबतचा मित्रगट यांना असलेले मध्यवर्ती स्थान अधोरेखित केले आहे. मुंबईच्या व्हिडिओंतील गल्ली या परंपरेशी नाते सांगते. परंतु तिचा स्वतःचा इतिहासही आहे.

गिरणीपासून गल्लीपर्यंत

मुंबईतील श्रमिक युवकाची पूर्वीची ओळख गिरणीशी निगडित होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतर गिरण्या टप्प्याटप्प्याने बंद पडत गेल्या आणि संघटित कामगार हा शहराच्या जीवनातील केंद्रस्थानी असलेला घटक परिघावर फेकला गेला. त्याच्या पुढील पिढीच्या वाट्याला वाहनचालक, सुरक्षारक्षक, मालवाहक, दुकानातील नोकर, घरपोच सेवा देणारा अशी विखुरलेली, असुरक्षित कामे आली. एकाच भोंग्याने कामावर जाणारा समूह उरला नाही. ओळखीचा आधार कारखान्याऐवजी वस्ती हा बनला. गली रॅपमध्ये 'मी कोठे राहतो' हा प्रश्न 'मी काय काम करतो' या प्रश्नापेक्षा मोठा ठरतो, त्याचे एक कारण या स्थित्यंतरात शोधता येते.

श्रमिकांच्या जगण्याला शब्द देण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांची शाहिरी, वामनदादा कर्डकांची गीते, नारायण सुर्वे यांची कविता आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) हे तिचे महत्त्वाचे टप्पे होत. १९८५ च्या 'हमारा शहर' या आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटात विलास घोगरे यांचे गाणे झोपडपट्टीवासीयांच्या विस्थापनाच्या दृश्यांसोबत येते. शहरातील गरिबांचे गाणे आणि त्यांची प्रतिमा यांचा असा संयोग म्युझिक व्हिडिओच्या लाटेपूर्वीच मुंबईत घडला होता, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मात्र शाहिरी आणि रॅप यांना सरसकट एकाच माळेत ओवणे योग्य ठरणार नाही. शाहिराचा 'आम्ही' एखाद्या चळवळीच्या पाठबळावर उभा असतो. रॅपरचा 'मी' एकटा असतो आणि त्याला मित्रांच्या टोळक्याचा आधार असतो. शाहिरीत अन्याय करणाऱ्याचे नाव घेतले जाते. गली रॅपमध्ये बहुधा तिरस्कार करणाऱ्याला उत्तर दिले जाते. अन्याय आणि तिरस्कार यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

पिनकोड : कलंकाचे बिरुदात रूपांतर

या प्रवाहाची एक लक्षणीय खूण म्हणजे पिनकोडचा वापर. नेझी यांच्यावर दिशा रिंदाणी यांनी केलेल्या लघुमाहितीपटाचे नाव 'बॉम्बे ७०' (२०१४) असे आहे. यातील ७० हा आकडा कुर्ला पश्चिमेच्या ४०००७० या पिनकोडचा आहे. धारावीतील रॅपर एम. सी. अल्ताफ यांच्या 'कोड मुंबई १७' (२०१९) मधील १७ हा धारावीच्या ४०००१७ चा अवशेष होय. डिव्हाइन यांच्या गाण्यांतून अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर परिसराचा ५९ हा आकडा वारंवार डोकावतो.

पिनकोड हे टपाल खात्याने दिलेले निर्विकार चिन्ह आहे. त्याला स्वतःचा कोणताही अर्थ नाही. परंतु ज्या वस्तीचे नाव घेताच समोरच्याच्या भुवया उंचावतात, त्या वस्तीतील तरुणाला हा आकडा सोयीचा वाटतो. तो वस्तीचे नाव लपवत नाही. उलट ते बिरुदासारखे मिरवतो. शासनाने दिलेला पत्ता ही नागरिकत्वाचीही खूण आहे. ज्या वस्तीला 'अनधिकृत' म्हणून हिणवले जाते, तिला शासनानेच क्रमांक दिलेला आहे, ही विसंगती या आकड्यांतून नकळत उघड होते.

२००८ मध्ये आलेल्या डॅनी बॉइल यांच्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या शीर्षकावर भारतात आक्षेप घेतले गेले. वस्तीतील माणसांना कुत्रे म्हटले, हा त्या आक्षेपांचा गाभा होता. याच काळात धारावीत नृत्य व हिपहॉप शिकवणाऱ्या तरुणांनी 'स्लमगॉड्स' हे नाव धारण केले. इंग्रजी अक्षरांचा क्रम उलटवून 'डॉग'चे 'गॉड' करणे ही शाब्दिक करामत असली, तरी तिच्यामागील जाणीव स्पष्ट आहे. 'स्लम' हा शब्द टाळलेला नाही, त्याला जोडलेले विशेषण तेवढे नाकारले आहे. कलंक नाकारण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे 'आम्ही तसे नाही' असे सांगणे, आणि दुसरा म्हणजे 'आम्ही येथलेच, पण तुमचा निवाडा आम्हाला मान्य नाही' असे सांगणे. गली रॅपने दुसरा मार्ग निवडला.

कॅमेऱ्याच्या हाताळणीतही ही भूमिका दिसते. नेझी यांचा 'आफत' (२०१४) हा पहिला व्हिडिओ आयपॅडच्या साहाय्याने चित्रित झाला. साधनांची ही मर्यादाच त्याचे सामर्थ्य ठरली. माहितीपटांत व बातम्यांत झोपडपट्टी बहुधा उंचावरून, निळ्या प्लॅस्टिकने झाकलेल्या छपरांच्या पसाऱ्यासारखी दिसते. त्या दृष्टीला माणसे दिसत नाहीत, दाटी दिसते. हातातील कॅमेरा मात्र गल्लीच्या रुंदीएवढाच असतो. तो माणसाच्या उंचीवरून चालतो आणि समोरचा तरुण थेट त्याच्या डोळ्यांत पाहतो. येथे दया मागणारा चेहरा नाही. पाहणाऱ्याकडे उलट पाहणारा चेहरा आहे.

नाव, भाषा आणि पोलीस

पूर्वग्रह भाषेत वास करतो. 'मवाली', 'टपोरी', 'आफत', 'जंगली' ही विशेषणे मध्यमवर्गीय घरांत वस्तीतील मुलांसाठी सहज वापरली जातात. गली रॅपने हीच विशेषणे नावे म्हणून स्वीकारली. 'स्वदेसी' गटातील अकलेश सुतार हे 'एम. सी. मवाली' या नावाने गातात. त्याच गटातील धर्मेश परमार 'एम. सी. तोडफोड' या नावाने ओळखले जात. त्यांचे मार्च २०२२ मध्ये अकाली निधन झाले. ज्या शब्दाने इतरांनी हिणवावे तो शब्द आधीच स्वतःच्या कपाळी लावून घेतला, की हिणवणाऱ्याच्या हाती शस्त्र उरत नाही. मराठी दलित साहित्यानेही शिवीला व बहिष्कृत बोलीला साहित्यात स्थान देताना हेच धैर्य दाखवले होते.

या दृष्टीने 'मेरे गल्ली में' (२०१५) या डिव्हाइन व नेझी यांच्या गाण्याचे शीर्षक पाहण्यासारखे आहे. प्रमाण हिंदीनुसार ते 'मेरी गली में' असे व्हायला हवे. येथे लिंगाचा नियम मोडला आहे आणि 'गली'चा उच्चार मराठी 'गल्ली'च्या जवळ गेला आहे. मराठी, कोकणी, दखनी, गुजराती भाषकांनी घडवलेल्या मुंबईच्या हिंदीचे हे नमुनेदार उदाहरण होय. शाळेत ज्या वाक्याखाली लाल रेघ पडली असती, ते वाक्य येथे शीर्षक झाले आहे. पुढे मोठ्या निर्मितिसंस्थेच्या चित्रपटातही ते दुरुस्त न होता तसेच राहिले. भाषिक पूर्वग्रहाला मिळालेले हे छोटे परंतु स्पष्ट उत्तर आहे.

पोलिसांशी असलेले नाते हा या व्हिडिओंचा आणखी एक ठळक विषय. 'डोपॲडेलिक्स'च्या एका गाण्याचे शीर्षक 'आई शपथ साहेब मी नव्हतो' असे आहे. या पाच शब्दांत वस्तीतील तरुण आणि सत्ता यांच्या नात्याचे सार आले आहे. 'साहेब' या संबोधनात अंतर आहे. 'आई शपथ' मध्ये पुरावा देण्याचे दुसरे साधन नसल्याची कबुली आहे. 'मी नव्हतो' मध्ये आरोप आधीच ठरल्याची जाणीव आहे. निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी नेहमी त्याच्यावरच येते. हॉल यांनी वर्णिलेली संशयाची यंत्रणा येथे गाण्याच्या शीर्षकातच प्रत्ययास येते. विशेष म्हणजे बहुभाषिक धारावीतील तरुणांना ही विनवणी मराठीत सुचते, कारण चौकीवर मराठीत बोलले जाते.

हा संशय कल्पित नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय आशयाच्या गाण्यांमुळे महाराष्ट्रात पोलिसांनी गुन्हे नोंदवले. गल्लीतील तरुण स्वतःच्या जिद्दीविषयी गातो तेव्हा त्याचे कौतुक होते. तोच तरुण सत्तेविषयी गाऊ लागला की जुना संशय पुन्हा जागा होतो. कौतुकाला घातलेली ही अट लक्षात घेतल्याशिवाय गली रॅपच्या लोकप्रियतेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

'गली बॉय' आणि मध्यस्थाचा कॅमेरा

'गली बॉय' या चित्रपटाने गल्लीची प्रतिमा देशभर व देशाबाहेर पोहोचवली. बर्लिन चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याची निवड झाली. त्याचा नायक मुराद हा धारावीत राहणारा, वाहनचालकाचा मुलगा व महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. चित्रपटातील दोन प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलके आहेत. एका प्रसंगात परदेशी पर्यटक मुरादचे घर पाहण्यासाठी येतात. त्याचे राहते घर त्यांच्यासाठी प्रेक्षणीय स्थळ असते. दुसऱ्या प्रसंगात वडिलांच्या जागी गाडी चालवणाऱ्या मुरादच्या मागील आसनावर मालकाची मुलगी रडत असते. दोघांत हातभराचे अंतर असूनही तो तिला काही विचारू शकत नाही. वर्गभेदाचे इतके संयत चित्रण हिंदी चित्रपटात क्वचित आढळते.

तथापि चित्रपटाच्या रचनेत एक अंतर्विरोध आहे. मुरादचे गाणे जगापर्यंत जाते ते स्काय या उच्चभ्रू, परदेशात संगीत शिकणाऱ्या तरुणीच्या मदतीने. 'मेरे गल्ली में' या गाण्याचा व्हिडिओ चित्रपटात तिच्या पुढाकाराने तयार होतो. प्रत्यक्षात नेझी यांचा पहिला व्हिडिओ अशा कोणत्याही मध्यस्थाविना निर्माण झाला होता. जे वास्तवात स्वतःच्या हाताने घडले, ते कथेत दुसऱ्याच्या हाताने घडते. श्रमिक तरुणाची प्रतिभा मान्य होते. पण तिला ओळखणारी नजर सुसंस्कृत वर्गाचीच असावी लागते.

मराठी वाचकाला येथे 'गोलपिठा'ची आठवण व्हावी. त्या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना लाभली आणि तीत त्यांनी ढसाळांसमवेत त्या वस्तीत केलेल्या भटकंतीचा वृत्तान्त दिला. ती प्रस्तावना प्रामाणिक होती; आपले अज्ञान तिने लपवले नाही. तरीही पांढरपेशा वाचकाला त्या कवितेपर्यंत नेण्यासाठी एका मान्यवराची आवश्यकता भासली, हे सत्य उरतेच. दोन्ही उदाहरणांत मध्यस्थाचा हेतू चांगला आहे. प्रश्न हेतूचा नसून रचनेचा आहे. ज्याचे जगणे आहे त्याच्या साक्षीला दुसऱ्याच्या शिफारशीशिवाय वजन येत नाही, हाही पूर्वग्रहाचाच एक सौम्य प्रकार होय.

जे दिसत नाही : श्रम, स्त्री आणि जात

या व्हिडिओंत काय दिसते यासोबतच काय दिसत नाही हेही तपासले पाहिजे. पहिली अनुपस्थिती श्रमाची आहे. श्रमिकवर्गीय युवकाचे हे व्हिडिओ असले, तरी त्यांत तो स्वतः काम करताना क्वचितच दिसतो. तो चालतो, उभा राहतो, हातवारे करतो, मित्रांसोबत बसतो. धारावीत चामड्याचे, कुंभारकामाचे, शिवणाचे व भंगार वेगळे करण्याचे व्यवसाय शेकडो लहान गाळ्यांत चालतात. व्हिडिओत हे गाळे असलेच, तर पार्श्वभूमीला असतात. याचे कारण समजण्यासारखे आहे. इतर माध्यमांनी गरीब माणसाला एकतर राबताना दाखवले आहे किंवा गुन्हा करताना. या दोन्ही प्रतिमा नाकारून केवळ 'माणूस' म्हणून उभे राहण्याची इच्छा या मोकळ्या वावरामागे आहे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. काम अदृश्य झाले की वेतन, कामाचे तास, कंत्राट हे प्रश्नही अदृश्य होतात आणि वर्ग ही केवळ एक शैली बनते. पूर्वग्रहाला उत्तर मिळते. पूर्वग्रह ज्या व्यवस्थेवर पोसला जातो ती व्यवस्था अस्पर्श राहते.

दुसरी अनुपस्थिती स्त्रीची आहे. गल्ली ही या व्हिडिओंत बहुतांशी पुरुषांची जागा असते. स्त्रिया असतात त्या दारात, खिडकीत किंवा आईच्या उल्लेखात. वास्तवात नळावर, दुकानावर, घरगुती उद्योगांत व घरकामासाठी रोज बाहेर पडणाऱ्या स्त्रियांमुळेच गल्ली चालते. दीपा उन्नीकृष्णन (डी. एम. सी.) यांच्यासारख्या गायिका आणि 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा स्त्रियांचा गट यांनी या एकसुरीपणाला छेद दिला आहे. तथापि 'गली बॉय' या संज्ञेतील 'बॉय' अद्याप ढळलेला नाही.

तिसरी आणि सर्वाधिक विचारणीय अनुपस्थिती जातीची आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांच्या घडणीत जात हा निर्णायक घटक आहे. तरी गली रॅपच्या लोकप्रिय व्हिडिओंत दारिद्र्य बोलते आणि जात गप्प राहते. 'गली बॉय'मधील 'आझादी' हे गाणे या दृष्टीने पाहावे. डब शर्मा यांच्या २०१६ मधील मूळ रचनेत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील घोषणांचा वापर होता. चित्रपटातील आवृत्तीत भूक, भेदभाव यांचा उल्लेख राहिला. जातिव्यवस्थेचे थेट नाव घेणारा भाग उरला नाही. याउलट चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या वाद्यवृंदाने उत्तर चेन्नईच्या 'गाना' या लोकप्रकाराची रॅपशी सांगड घातली. अयोतीदास पंडित यांच्या 'जातिविहीन तमिळ' या संकल्पनेवरून त्याने नावच घेतले. ओडिशातील कोरापूटचे सुमित सामोस यांनीही जातीच्या प्रश्नावर थेट रॅप केला. म्हणजेच हा प्रकार जातीविषयी बोलू शकत नाही, असे नव्हे. बाजारपेठेत सर्वांना आपला वाटावा यासाठी गरिबीला जातीपासून अलग करावे लागते, असाच निष्कर्ष येथे निघतो.

या तीनही मर्यादांना अपवाद ठरणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 'स्वदेसी'च्या 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) या व्हिडिओत आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर सहभागी आहेत. येथे गल्लीची जागा जंगलाने घेतली आहे आणि 'मी'ची जागा 'आम्ही'ने. तिरस्काराला उत्तर देणे हा त्याचा हेतू नाही; जमिनीवरील हक्काचा तो प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतील झाडे तोडली गेली, तेव्हा या गाण्याचा विषय शहराच्या प्रत्यक्ष राजकारणात होता. रॅप आणि शाहिरी यांतील अंतर येथे बरेच कमी झालेले दिसते.

पूर्वग्रहाचे नवे रूप

गली रॅपच्या स्वीकारानंतर पूर्वग्रह नाहीसा झाला काय, याचे उत्तर समाजमाध्यमांतील 'छपरी' या शब्दाच्या प्रसारात मिळते. रंगवलेले केस, तंग कपडे, सजवलेली मोटरसायकल अशा तरुणांना हिणवण्यासाठी हा शब्द सर्रास वापरला जातो. छप्पर शाकारण्याचा व्यवसाय करणाऱ्या छप्परबंद समाजाच्या नावाशी त्याचे मूळ अनेकदा जोडले जाते. व्युत्पत्ती काहीही असो, वापरातील वर्गीय व जातीय तुच्छता लपत नाही. मे २०२० मध्ये 'यूट्यूब विरुद्ध टिकटॉक' असा जो वाद समाजमाध्यमांत रंगला, त्यात टिकटॉकवरील छोट्या गावांतील व वस्त्यांतील तरुणांच्या दिसण्याची व बोलण्याची यथेच्छ टिंगल झाली. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉकही गेले आणि या तरुणांचे एक व्यासपीठ बंद झाले.

येथे एक भेद स्पष्ट होतो. गली रॅपर आणि टिकटॉकवर नाचणारा तरुण एकाच वस्तीतले, कदाचित एकाच घरातले असू शकतात. पण पहिल्याला 'अस्सल' म्हणून गौरव मिळतो आणि दुसऱ्याला 'छपरी' म्हणून उपहास. पहिल्याकडे संघर्षाची कथा आहे. दुसऱ्याला केवळ मजा करायची आहे. गरिबाने दुःख सांगावे, जिद्द दाखवावी, हे अभिजनांना मान्य असते. त्याने कारणाशिवाय नटावे, हसावे, हे मान्य नसते. अशा रीतीने 'अस्सलपणा'ची अपेक्षा हीच नवी चौकट बनते. वस्तीतून आलेल्या कलावंताने कायम वस्तीतच उभे राहून गावे, अशी सक्ती तिच्यात दडलेली आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मुंबईच्या रॅप व्हिडिओंनी श्रमिकवर्गीय युवकाला घोळक्यातून बाहेर काढून पडद्याच्या मध्यभागी आणले. पिनकोड, हिणवणारी नावे व अशुद्ध मानलेली बोली यांना त्यांनी अभिमानाच्या खुणा बनवले. पूर्वग्रहाला दिलेले हे उत्तर सांस्कृतिकदृष्ट्या मोलाचे आहे.

२. गल्लीची प्रतिमा एकच असली, तरी कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि ती कोणासाठी आहे, यावरून तिचा अर्थ बदलतो. 'आफत' आणि 'गली बॉय' यांतील अंतर हे निर्मितीच्या दर्जाचे नसून साक्षीच्या अधिकाराचे आहे.

३. श्रम, स्त्री आणि जात यांच्या अनुपस्थितीमुळे या प्रतिमेची धार मर्यादित राहते. तिरस्काराला उत्तर देणारी कला अन्यायाची चिकित्सा करतेच असे नाही.

४. व्यवस्थेने गली रॅपचा केलेला स्वीकार सशर्त आहे. जिद्दीच्या कथेला टाळ्या मिळतात. राजकीय गाण्यावर गुन्हे नोंदवले जातात आणि निव्वळ आनंदाला उपहास वाट्याला येतो.

मराठीतील शाहिरी, दलित कविता आणि आजचे मराठी रॅप यांचा परस्परसंबंध हा स्वतंत्र व सखोल संशोधनाचा विषय आहे. महाविद्यालयांच्या वर्गांत आज बसणारे अनेक विद्यार्थी याच गल्ल्यांतून येतात. त्यांची भाषा, त्यांचे ऐकणे-पाहणे यांची दखल अभ्यासक्रमाने व समीक्षेने घेतली, तर पूर्वग्रहाच्या निराकरणाची सुरुवात पडद्याऐवजी वर्गापासूनही होऊ शकेल.